डॉन नव्हे, दोन

चि. ओवी आणि चि. कबीर,

हे आत्ताच लिहायला घेण्याचं कारण कबीर आहे. परवा व्हिडिओ कॉलवर, माझ्यादेखतच, तो आपल्या खोलीतल्या मित्रांना सांगत होता की आजीच्या गावच्या बोटीचा कम्प्युटर एका डॉनने हॅक केला होता आणि आजीने त्याला नदीत जाऊन पकडलं. मित्र हसले, मीही हसले. पण फोन ठेवल्यावर विचार आला – मी असताना गोष्टीचं हे झालं, तर मी नसताना काय होईल! डॉन कुणी नव्हता. हॅकही कुणी केलं नव्हतं. जे झालं ते मी पाहिलं आहे, ओवीने तिच्या बाजूने पाहिलं आहे, आणि सरूबाई गावातच आहे, तिलाही कधीही विचारता येईल. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. या सदराच्या वाचकांपुढेही ठेवते आहे. त्यांच्यापैकी कुणाला उलगडा सुचला तर मला हवाच आहे.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेत कुणा मुलीच्या अंगात यायला लागलं की मी आधी विचारायची, सकाळी काही खाल्लंस का? बहुतेक वेळा तिथेच ते उतरायचं. सगळा जन्म नदीच्या काठावर काढला, लोकांना काय काय दिसलं, मला मात्र कधी काही दिसलं नाही, आणि त्याची मला थोडी घमेंडच होती.

गाव तुम्हाला माहीत आहे, पण वाचकांसाठी सांगते. थडी सावळी, तालुका सोनपेठ, जिल्हा परभणी. थडी म्हणजे नदीचा काठ. नदी गोदावरी, पण आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. गाव अलीकडे, आणि पलीकडे निम्म्या गावाची शेतं, मी जिथे इंग्रजी शिकवलं ती शाळा, आणि परभणीला जाणारी एसटी. खाली बंधारा झाल्यापासून पावसाळ्यानंतर दारं टाकली की पाणी तुंबतं आणि जुना घाट पायऱ्यांसकट बुडतो, आणि नदी आमच्या अंगाला इतकी पसरते की त्या घाटाची जागा पार मधोमध जाते. पुलावरून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून नाव.

आमची नाव विजेवर चालते. बचत गटाच्या बायकांनी ती घेतली. टपावर सोलरच्या पाट्या, खाली बॅटरी, मागे मोटर, आणि चालवणारीच्या पुढे एक पांढरी पेटी. त्या पेटीत छोटा कम्प्युटर आहे. बॅटरी किती उरली, नाव कुठे आहे, खाली पाणी किती खोल आहे हे तो सारखं बघत असतो आणि काही बिघडलं असं वाटलं की मोटर बंद करतो. ओवी त्याला ऑनबोर्ड कम्प्युटर म्हणते. सरूबाई त्याला डबा म्हणते.

सरूबाई म्हणजे महादूची बायको. महादू आमचा जुना नावाडी. त्याच्याच नावेतून मी कित्येक वर्षं शाळेत गेले. तो आजारपणात गेला, दोन्ही मुलींची लग्नं झाली, आणि ही विजेची नाव आली तेव्हा सरूबाईने गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "मी चालवीन." आधी हसल्या सगळ्या. महिन्याभरात तिच्याइतकी सफाईने नाव लावणारं कुणी उरलं नाही.

ही गोष्ट घडली त्या वर्षीच्या पावसाळ्यात गंगेला मोठा पूर येऊन गेला. दिवाळीनंतर फेऱ्या सुरू झाल्या आणि नाव मधेच बंद पडायला लागली. भर पाण्यात मोटर थांबायची. नाव जरा खाली वाहत गेली की पुन्हा आपोआप चालू. रोज नाही, पण आठवड्यातून एकदोनदा हमखास. एकदा माहेरी बाळंतपणाला आलेली पोर होती, ती इतकी घाबरली की पुलावरून परत गेली. पेटी बसवून देणारा माणूस पुण्याचा. त्याने आधी दोन-चार वेळा "बघतो" म्हटलं आणि मग फोन उचलणं बंद केलं.

संक्रांत झाली, पलीकडची ज्वारी काढायला आली, आणि ग्रामसभा ठरली. विषय एकच – ही नाव साखळीला कुलूप घालून ठेवायची आणि पलीकडच्या एका ठेकेदाराला डिझेलची नाव चालवायला द्यायची. म्हणजे सरूबाईने घरी बसायचं. तिच्यावर कुणाचा राग नव्हता, पण भरल्या नावेत बायाबापड्या घेऊन मधेच अडकायचं हे कोण किती दिवस चालू देणार?

ओवी नॉर्वेत मोठ्या जहाजांच्या कम्प्युटरचंच काम करते. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, मला त्या पेटीत शिरू दे. तू तिथे बसून फक्त मी सांगते तेवढं टाइप कर. रिमोट अ‍ॅक्सेस एकदा लागला की पुढचं मी इथून बघते."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सकाळची फेरी झाल्यावर आम्ही दोघी नवीन घाटाला बांधलेल्या नावेत बसलो. पेटीला मी ओवीच्या बाबाचा जुना कीबोर्ड जोडला. इंटरनेट माझ्या फोनवरून. सरूबाईच्या फोनवर ओवी व्हिडिओवर, तिच्याकडे नुकतं उजाडलेलं, हातात कॉफी.

मी तुम्हाला शुद्धलेखन शिकवलं तेव्हा तुम्ही किती वैतागायचात! त्या दिवशी ओवीने त्याचा पुरेपूर सूड घेतला.

"आजी, डॅश. अंडरस्कोअर नाही, डॅश."

"तू नुसतं 'रेघ' म्हणालीस."

"आता एंटर. एंटर केलंस? काय आलं?"

"इंग्रजी आलं. पण वाईट इंग्रजी आहे."

मधे उपसरपंच बालाजी येऊन घाटावर उभा राहिला. माझाच विद्यार्थी, इंग्रजीत काठावर पास झालेला. उद्याचा ठराव तोच मांडणार होता.

"काय करायलाव बाई? नावंला बी इंग्लिश शिकवायलाव का?"

"तुझ्यापेक्षा लवकर शिकेल ती," मी म्हटलं. सरूबाई पदर तोंडाला लावून हसली. बालाजीही हसला, पण गेला नाही. पायरीवर बसून राहिला.

मग ओवीने विचारलं, "आता या मशीनला नाव दे. माझ्या स्क्रीनवर ते याच नावाने दिसेल. काहीही चालेल. बोट-वन दे."

मी टाइप करणार तेवढ्यात सरूबाई म्हणाली, "वन म्हंजी एकच ना? एक नका म्हणू बाई. लाभ म्हणा."

वाचकांना हे ठाऊक असेल, पण तुम्हाला दोघांना सांगते. खळ्यावर धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन... महादू नावेत बसलेली माणसंसुद्धा तशीच मोजायचा. मला आवडलं. मी रोमन अक्षरात लाभ लिहिलं, एल-ए-बी-एच. मग पासवर्ड घातला. तो अर्थातच इथे लिहीत नाही.

थोड्या वेळाने पेटीच्या स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकायला लागला. सरूबाई दचकून मागे झाली.

"आगं बाई! कोण हलवायलंय?"

"ओवी हलवते आहे."

"तिकून? नार्वेतून?"

"हो."

"मंग ह्याच्याहून येगळं भूत काय असतंय बाई!"

हे ती चेष्टेत म्हणाली. मलाही तेव्हा चेष्टाच वाटली.

ओवीला दोष लगेच सापडला. निदान तसं तिला वाटलं. पेटीला सांगून ठेवलेलं होतं की खाली पाणी अमुक इतक्यापेक्षा उथळ झालं तर मोटर थांबव. आणि प्रत्येक वेळी नाव थांबली तेव्हा पेटीला एकाच जागी, नदीच्या ऐन मध्यावर, पाणी एकदम उथळ दिसलं होतं.

"मध्यावर तर सगळ्यात खोल आहे ना?" ओवीने विचारलं.

"बांबू लागत न्हाई तिथं," सरूबाई म्हणाली.

"म्हणजे सेन्सर खोटं बोलतोय. मासे, शेवाळ, काहीही असेल. मी ती उथळ पाण्याची अटच काढून टाकते. मग थांबणार नाही."

सरूबाईने दोन्ही हात जोडले, फोनला. "काढ माय, काढ! लय उपकार व्हतील. उद्या ह्या बालाजीच्या तोंडावर फेरी मारून दाखवते."

"आमी कुठं न्हाई म्हणायलाव?" बालाजी पायरीवरून म्हणाला. "चालली तर आमचीच नाव हाय की."

आणि तेवढ्यात ओवी म्हणाली, "थांब, आजी. हा डॉन कोण आहे?"

"कोण?"

"डॉन. माझ्या स्क्रीनवर आपल्या खात्यात दोन मशीन दिसताहेत. एक लाभ. त्याच्या खाली डॉन. हिरवा दिवा आहे, म्हणजे चालू आहे. कुणीतरी डॉन नावाने आत घुसलंय!"

सरूबाई म्हणाली, "डॉन? आपल्या नावंत?" आणि बालाजी उठून खरंच नावेत इकडेतिकडे बघायला लागला. कबीर, तुझा डॉन तो एवढाच. आता पुढचं वाच.

मी ओवीला स्पेलिंग विचारलं. डी, ओ, एन. मी ते दोनदा मनात म्हटलं आणि मला कळलं.

"ओवी, ते डॉन नव्हे. दोन आहे. लाभ, दोन."

तिने विचारलं, "तू दोनदा इन्स्टॉल केलंस का?"

"नाही."

"केलं असतं तरी तेच नाव पुन्हा आलं असतं, फार तर पुढे आकडा लागला असता. दोन असं मराठीत कोण लिहील?"

कीबोर्डला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. सरूबाईला रोमन अक्षरं येत नाहीत. ओवीने ते नाव पुसलं. गेलं. ती दुसरं काही करायला गेली तर परत आलं, हिरव्या दिव्यासकट. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं.

"आजी, पेटी पूर्ण बंद कर. बॅटरीची वायरच काढ."

बालाजीने वायर काढली. पेटीची स्क्रीन काळी झाली. फोनमध्ये ओवीचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. तिने कॉफी खाली ठेवली.

"लाभ गेलं," ती म्हणाली. "दोन चालू आहे."

मी तुम्हाला खरं सांगते, मला भीती वाटली नाही. माझ्या डोक्यात आलं ते असं, की काहीतरी चुकलंय आणि चूक सापडेपर्यंत आपण उठायचं नाही. वही तपासताना एखादी बेरीज जुळली नाही की जसं होतं, तसंच.

"आत जाऊन बघ," मी ओवीला सांगितलं.

ती आत गेली. तिथेही आपल्या पेटीसारखीच स्क्रीन होती, पण जवळजवळ रिकामी. बॅटरीच्या जागी काही नाही. मोटरच्या जागी काही नाही. फक्त दोन गोष्टी होत्या. जागा, आणि वर पाणी किती आहे. वर, खाली नव्हे. पाणी हातभरही नव्हतं. आणि जागा...

"आजी, ही तीच जागा आहे. जिथे आपली नाव थांबते."

तेव्हा मला आठवलं. कसं आधी आठवलं नाही कोण जाणे. महादूच्या दोन नावा होत्या. एक मोठी, एक धाकटी. घाटावर तो त्यांनाही तसंच म्हणायचा. "लाभ भरली, बाई, तुमी दोनमधी बसा." मोठी त्याने पुढे विकून टाकली. धाकटी बंधाऱ्याचं पाणी पहिल्यांदा चढलं तेव्हा वाहून गेली असं सगळे समजत होते.

मी हे मोठ्याने म्हणाले. सरूबाई माझ्याकडे बघत राहिली.

"ल्हान्या नावंला दोन म्हणायचे?"

"घाटावर म्हणायचा. तुला माहीत नाही?"

"मी कवा घाटावर आले बाई? मी रानात. घरी आमी नुसतं ल्हानी नाव म्हणायचो." ती खाली बसली. नावेच्या काठाला धरून बसली. मग म्हणाली, "परभणीच्या दवाखान्यात शेवटी शेवटी मालक एकच धरून बसले व्हते. दोन हाय का? दोन हाय का? दोघी पोरी उशाशी बसलेल्या. मी म्हणलं, हायेत की, दोघीबी हायेत, ह्या बघा. पोरींचे हात तेंच्या हातात दिले. तर मान हलवायचे. न्हाई न्हाई करायचे. मला वाटलं, पोरींना वळखीनात आता..."

तिने पाण्याकडे बघितलं.

"ते पोरींचं न्हवते विचारायले, बाई. नावंचं विचारायलते."

बालाजीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. फोनमध्ये ओवी डोळे पुसत होती. आणि मग सरूबाईने जे म्हटलं त्याने मी भानावर आले. ती म्हणाली, "जाऊ द्या. आता काय त्याचं? ओवी, ते उथळाचं तेवढं काढून टाक माय. उद्या सभा हाय."

"नाही," मी म्हटलं.

"आवं बाई..."

"सरू, डब्याला तिथे उथळ दिसतंय. ही दुसरी ओळ सांगते आहे की तिथे हातभर पाण्याखाली काहीतरी आहे. दोघं खोटं बोलत असतील. पण मी बघितल्याशिवाय ओवी काहीही काढणार नाही."

"बाई, भुताचं ऐकून?"

"भुताचं नाही, बांबूचं ऐकून. बांबू आण."

"मी कितींदा बांबू घातलाय तिथं!"

"बरोब्बर त्याच जागी?"

मोटर थांबली की नाव खाली वाहायची. ती बांबू घालायची तोवर जागा मागे पडलेली असायची. हे तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण ती उठली आणि वल्ही सोडायला लागली.

बालाजीला मी म्हटलं, "तू येतोस का? का ठरावाची तयारी करायची आहे?"

"येतो की बाई. तुमी बुडाल्या तर माझ्यावर यील."

पेटीची वायर पुन्हा जोडली, पण मोटर लावली नाही. सरूबाई आणि बालाजी वल्हवत होते, मी फोन उंच धरून बसले होते, आणि ओवी नॉर्वेतून सांगत होती – थोडं वरच्या अंगाला, अजून, अजून, आता सरळ. दुपारचं ऊन होतं. पलीकडच्या काठावर ज्वारी काढणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. एकीने विचारलं, "काय सांडलंय का गं सरू?" सरूबाई वल्हवत राहिली.

"थांबा," ओवी म्हणाली. "इथेच. दोन तुमच्या उजव्या हाताला आहे. अगदी जवळ."

बालाजीने बांबू सोडला. तो खाली गेलाच नाही. ठक्क असा आवाज आला. दगडाचा नव्हे, लाकडाचा.

सरूबाईने बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. कोपरापर्यंतही गेला नाही. ती चाचपत राहिली. मग तिने हात तिथेच ठेवला.

महादूची धाकटी नाव जुन्या, बुडालेल्या घाटाच्या चौथऱ्यावर बसलेली होती. मागचा भाग खाली, पुढचं नाकाड वर. लोखंडी कडीत साखळी तशीच. आजारी पडून परभणीला जाण्याआधी महादू तिला घाटाला बांधून गेला होता. पाणी चढलं, साखळीने तिला वर येऊ दिलं नाही, ती भरली आणि बुडाली. इतकी वर्षं गाळात दबलेली असणार. बालाजीचं म्हणणं, त्या पावसाळ्यातल्या पुराने गाळ खरवडून नेला आणि तिला वर चौथऱ्यावर आणून टेकवलं. हे मला पटतं. नाकाडाला लोखंडी पट्टी होती, गंजून धारदार झालेली. भरलेली नाव पूर्ण वेगात त्यावर गेली असती तर आमच्या नावेचा फायबरचा तळ टिकला नसता, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. डबा बिघडलेला नव्हता. तो प्रत्येक वेळी वाचवत होता, आणि आम्ही त्याचाच गळा दाबायला निघालो होतो.

सरूबाई पाण्यात हात ठेवून बसली होती. हळूच, जणू शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं म्हणाली, "हाय. दोन हाय. इथंच हाय."

आणि फोनमधून ओवीचा आवाज आला, "आजी... दोनचा दिवा गेला."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत बालाजीने ठराव मांडला नाही. उलट त्यानेच उभं राहून बांबूची हकीकत सांगितली, तीही अशी की जणू बांबू घालायची कल्पना त्याचीच. मी दुरुस्ती केली नाही. सरूबाईची नाव चालू राहिली. त्या जागेभोवती रिकामे डबे बांधून खूण केली आणि नाव वळसा घालून जायला लागली. चैत्रात पाणी उतरल्यावर दोन ट्रॅक्टर लावून, दोरखंड बांधून लोकांनी दोनला वर ओढलं. सरूबाईच्या दोघी मुली सासरहून आल्या होत्या. तिने दोघींना नाकाडाला हात लावायला लावला. का, ते त्यांना सांगितलं असावं. मी विचारलं नाही.

आता स्पष्टीकरणाचं. ज्या प्रोग्रॅममधून ओवी दुरून पेटीत शिरली होती, तो बनवणाऱ्यांना तिने लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं की तुमच्या खात्यात दुसरं मशीन तुमच्याच पासवर्डने जोडलेलं दिसतं, ते तुमच्याकडचंच कुणीतरी जोडलं असणार. बालाजी म्हणतो, बाईंच्या फोनने काहीतरी केलं. मी माझ्या परीने बरेच मुद्दे काढून बघितले. ओवीच्या मनात आत कुठेतरी महादूची गोष्ट असेल का? तिने तर ती कधी ऐकलीही नव्हती. माझ्या मनात असेल आणि नकळत मीच टाइप केलं असेल का? समजा केलं. मग पेटीची वायर काढल्यावर ते चालू कसं राहिलं? मला नावाचं माहीत होतं, जागेचं नव्हतं. जागा पेटीला माहीत होती, नावाचं नव्हतं. आणि पाण्याखाली, ओवी म्हणते, सिग्नलही जात नाही, वीज तर नाहीच. आणि त्या लाकडी नावेत कम्प्युटर कुठला? दिवा नेमका तेव्हाच जाणं योगायोग म्हणायला मी तयार आहे. बाकीच्याला काय म्हणायचं हे मला कळलेलं नाही. तेव्हाही कळलं नाही, आजही नाही. भुतावर विश्वास बसला का असं कबीरने विचारलं होतं. नाही बसला. पण ती घमेंड मात्र आता उरली नाही.

जे उरलं आहे ते एवढं. दोनची लोखंडी कडी साफ करून नवीन घाटावर बसवली आहे. सरूबाई रोज संध्याकाळी नाव तिलाच बांधते. नाकाडाची फळी तिच्या दारात उंबऱ्याजवळ आहे. आणि ओवीच्या स्क्रीनवर लाभच्या खाली दोन ही ओळ अजून आहे. दिवा बंद आहे. ओवीने ती पुन्हा पुसलेली नाही.

तुमची,
आजी